उरलेल्या पायाचा कागद

दर सोमवारी सकाळी लष्करी इस्पितळातून कारखान्यात खोकी यायची आणि साचेबाई चहा न घेताच ती उघडायला बसायच्या. बाकीच्यांना वाटायचं, काय ही कामाची हौस! साहेब तर दोनदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, की बाईंकडून शिका जरा. साचेबाई नुसती मान हलवायच्या. हौसबिस काही नव्हती. त्या आपल्या मुलाचा पाय शोधत होत्या.

कारखाना कृत्रिम पायांचा. लढाईच्या आधी इथे मधुमेहाने पाय गेलेले आजोबा यायचे, अपघातातली माणसं यायची, आणि महिन्याला दहा-बारा पाय झाले तरी सगळ्यांच्या डोक्यावरून पाणी जायचं. मग आपल्या देशाने दुसऱ्याच कुठल्या तरी देशाच्या लढाईत उडी घेतली आणि तेवढे पाय आठवड्याला व्हायला लागले. साहेबांनी दारावर भलामोठा कापडी फलक लावला, 'आम्हाला आमच्या जवानांचा अभिमान आहे.' तो मधोमध इतका लोंबायचा, की कुबड्यांवर येणाऱ्या जवानांना त्याच्याखालून वाकून आत शिरावं लागायचं. कोणी तक्रार केली नाही. अभिमानाविरुद्ध तक्रार करायची तरी कोणाकडे?

खोक्यात एकेकाचा पोकळ साचा असायचा. पाय जिथे संपतो तिथे ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुकल्या की टोपीसारख्या अलगद काढायच्या, तो साचा. साचेबाई त्यात पातळ प्लास्टर ओतून मधोमध लोखंडी नळी रोवायच्या, घट्ट झालं की वरची साल सोलायच्या आणि मग कानस घेऊन बसायच्या. जिथे मांस भार सोसतं तिथे खरवडायचं, जिथे हाड टोचतं तिथे उलट थोडं प्लास्टर चढवायचं. एका सुताची चूक झाली तर माणूस आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटं मोडणार. म्हणून त्यांचं कारखान्यातलं नाव साचेबाई.

साच्याबरोबर फॉर्म असायचा. नंबर, उंची, वजन, डावा की उजवा. नाव नाही, लष्कराचा नियम. फॉर्मला एक कागद टाचलेला असायचा. इस्पितळातलं कोणीतरी उरलेला पाय कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवायचं, म्हणजे नवा पाय जोडीला शोभेल. साचेबाई आधी हा कागद बघायच्या.

त्यांच्या सासरच्या पुरुषांच्या पायाची करंगळी जन्मापासून आत वळलेली, शेजारच्या बोटाखाली शिरलेली. नवऱ्याची तशी, दिराची तशी, मुलाची तशी. मुलगा तान्हा असताना त्या तेल लावून लावून ती बाहेर ओढायच्या आणि सोडली की ती परत आत. घराणंच हट्टी. मुलाचं लाडाचं नाव ढब्बू. लहानपणी तो होताही तसाच. आता सहा फूट, काठीला कपडे घातल्यासारखा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ढब्बूला तिकडे जाऊन अकरा महिने झाले होते, आणि गेले तेवीस दिवस त्याचा फोन नव्हता.

आता स्पष्टच सांगायला हवं. साचेबाई एकेक कागद उलटताना मनात म्हणायच्या, हा त्याचा असू दे.

इतके महिने पाय घासल्यावर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. ज्याचा पाय जातो तो घरी येतो. गुडघ्याखाली गेला तर उत्तमच, सहा महिन्यांत पोरगं सायकल चालवतं. ज्याचं काहीच जात नाही तो तिकडेच राहतो, आणि तिकडे राहिलेल्याचं पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. कुठल्या आईने असा विचार करावा, हा प्रश्न त्यांना पहिला महिनाभर पडला. मग पडेनासा झाला. जेवणाला चव नव्हती, झोप लागून उठल्यावरही झोपल्यासारखं वाटायचं नाही, कानस बोटावर घसरली तर रक्त यायचं आणि त्या ते दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं बघत बसायच्या. अशा माणसाला प्रश्न काय पडणार?

घरी वेगळाच कारभार. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची. तीस वर्षं बस चालवली तेव्हा कोणी मान वर करून बघितलं नाही, आणि आता मुलगा लढाईवर गेला म्हटल्यावर दुकानदार उठून उभा राहायचा, न्हावी रांग सोडून आधी खुर्चीत बसवायचा. ड्रायव्हरसाहेबांची छाती फुगली होती. आत भीती किती भरली होती ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही, बायकोला तर नाहीच.

त्यांचा धाकटा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. लढाई सुरू झाली त्या आठवड्यात त्याने वर्गात नकाशा टांगला आणि म्हणाला, आपण कुठे लढतोय ते दाखवा. कोणाला दाखवता आलं नाही. मग तोच प्रश्न त्याने शिक्षकांच्या खोलीत विचारला. तिथेही तीच गत झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला नोटीस दिली. हा दर रविवारी भावाकडे जेवायला यायचा आणि दुसरा घास तोंडात जायच्या आत दोघांची जुंपायची.

"दादा, आपल्या घरात कोणी घुसलं होतं का? मग आपण त्यांच्या घरात काय करतोय?"

"तू नकाशे बघ. ज्याचं पोर तिकडे आहे त्याला अक्कल शिकवू नकोस."

"तो माझाही पुतण्या आहे."

"मग अभिमान बाळग की!"

"त्याला परत येऊ दे, मग बाळगतो. पाहिजे तेवढा बाळगतो."

एका रविवारी ताट तसंच टाकून दीर उठला, आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जाईना. दोघेही साचेबाईंना पंच करायला बघायचे. नवरा म्हणायचा, तूच सांग. दीर फोन करून म्हणायचा, वहिनी, तुम्हीच सांगा. साचेबाई एकाला म्हणायच्या, अजून वाढू का, आणि दुसऱ्याला म्हणायच्या, गॅसवर दूध आहे, ठेवते. त्यांना मत नव्हतं असं मुळीच नाही. पण ते कुठेतरी खोल तळाला गेलं होतं, आणि खाली वाकून ते वर काढायची ताकद अंगात नव्हती.

चोविसावा दिवस सोमवार होता. तिसऱ्या खोक्यात तो कागद निघाला.

नंबर चारशे बारा. डावा, गुडघ्याखाली. उंची सहा फूट. वजन ढब्बूपेक्षा पाच किलो कमी, पण तिकडे काय खायला मिळत असेल? उजव्या पायाची पेन्सिलीची रेघ टाचेपाशी निमुळती होती, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं, आणि करंगळीपाशी रेघ आत वळून जवळजवळ नाहीशीच झाली होती.

साचेबाईंनी कागद घडी न करता ब्लाउजपीस ठेवायच्या पिशवीत सपाट ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत तडक घर गाठलं. ड्रायव्हरसाहेब दुपारचे आडवे झाले होते.

"अहो, उठा. पाय द्या."

"काय देऊ?"

"पाय. कागदावर ठेवा. रविवारी सोहळ्याला नवे बूट नकोत का?"

रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात जवानांच्या आईवडिलांचा सत्कार होता, आणि ड्रायव्हरसाहेब दोन मिनिटं बोलणार होते. ते लगबगीने उठले आणि कागदावर असे ताठ उभे राहिले, जणू आत्ताच टाळ्या पडताहेत. साचेबाईंनी गुडघे टेकून उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली.

"झालं."

"अगं, बूट दोन असतात! डावाही घे की."

"डावा नकोय," साचेबाई म्हणाल्या आणि कागद घेऊन निघाल्यासुद्धा.

कारखान्याच्या खिडकीच्या काचेवर त्यांनी दोन्ही कागद एकावर एक धरले. मुलाचा पाय बापापेक्षा थोडा लांब, पण वळणं तीच. करंगळीच्या जागी तर दोन रेघांची एक रेघ झाली होती.

घरी काही कळलं नव्हतं याचं त्यांना नवल वाटलं नाही. माणसाच्या आधी त्याचा साचा कारखान्यात पोचतो आणि घरचं पत्र त्याच्याही नंतर निघतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. साचेबाईंना आनंद झाला. सांगायलाही संकोच वाटतो, पण झाला. कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली. त्यांनी आपला डबा संपवला आणि पट्टे शिवणाऱ्या बाईच्या डब्यातलंही न विचारता खाल्लं. ती बघतच राहिली.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. एक तर ते कोसळले असते, नाहीतर सोहळ्यात जाहीर करून टाळ्या घेतल्या असत्या, आणि साचेबाईंना दोन्हीची सारखीच धास्ती होती. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ढब्बूचा पाय गेला."

दीर फाटकाच्या पायरीवर मटकन बसला. पोरं दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होती.

"कुठला?"

"डावा. गुडघ्याखाली. साचा आलाय माझ्याकडे."

"म्हणजे... म्हणजे येणार तो?"

"येणार."

दिराच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी तो हसायला लागला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने तोंडावर हात धरला. "वहिनी, काय माणसं झालोय हो आपण."

"झालोय खरी," साचेबाई म्हणाल्या. "चला, मला उशीर होतोय."

एरवी जो साचा दोन दिवसांत हातावेगळा व्हायचा तो त्यांनी चार दिवस घासला. हाडाच्या टोकापाशी थेंब थेंब प्लास्टर चढवलं. शेवटी कानस बाजूला ठेवून डोळे मिटले आणि नुसता तळहात फिरवून बघितला. कुठे काही टोचत नव्हतं. कोणाची वाट बघतोय हे माहीत असलं की हात कसा चालतो ते त्या विसरूनच गेल्या होत्या.

रविवारी सकाळी सभागृह गच्च भरलं. समोरच्या फूटपाथवर लढाई नको म्हणणारे शे-दोनशे लोक उभे होते आणि मध्ये पोलिसांनी दोरी बांधली होती. दिराच्या हातात पुठ्ठा होता, 'त्यांना घरी आणा.' ड्रायव्हरसाहेबांनी त्याच्याकडे न बघता रस्ता ओलांडला. साचेबाईंनी बघितलं. दिराने त्यांना मान हलवून खूण केली, आणि दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीने साचेबाईंना बरं वाटलं.

ड्रायव्हरसाहेब माईकसमोर उभे राहिले. पाठ केलेलं भाषण विसरले. "माझा मुलगा," ते म्हणाले, "माझा मुलगा आहे," आणि पुढचं सुचेना, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी पडदा बघितला आणि माईकवरच ओरडले, "ढब्बू!"

सभागृहात हशा पिकला. व्हिडिओ कॉल होता. कोणीतरी माईक फोनपाशी धरला.

"बाबा! महिनाभर आत होतो, नेटवर्कच नव्हतं. आवाज कसला येतोय एवढा?"

"तुझाच सत्कार चाललाय रे! सगळं गाव बसलंय इथे!"

"मग सगळ्यांनाच सांगतो. मी सही केली. अजून एक वर्ष थांबतोय."

लोक उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट थांबेना. साचेबाई पहिल्या रांगेतून उठल्या, व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या आणि नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर ढब्बूच होता, दाढी वाढलेला, दात दाखवत.

"पाय दाखव," त्या म्हणाल्या.

माईक तिथेच होता. सगळं सभागृह हसलं.

"आई, काय गं!"

"बूट काढ आणि दाखव."

लोक हसून हसून बेजार. नगराध्यक्ष डोळे पुसत होते. ढब्बूने लाजत लाजत बूट काढले, मोजे काढले आणि फोन खाली धरला. दोन पाय. दहा बोटं. दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या.

"बरं," साचेबाई म्हणाल्या. "नीट राहा."

त्यांनी फोन नवऱ्याला दिला आणि खाली येऊन आपल्या जागेवर बसल्या. शेजारच्या बाईने त्यांचा हात दाबला आणि म्हणाली, आई असावी तर अशी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर चौकट होती, "'बूट काढ!' जवानाला आईचा हुकूम."

मुलगा जिवंत होता. इतके दिवस ज्या फोनसाठी कान लागले होते तो आला होता. जीव भांड्यात पडायला हवा होता. साचेबाईंनी आत चाचपून बघितलं, तर तिथे काहीच नव्हतं.

सोहळा संपल्यावर बाहेर दोरीच्या पलीकडून दिराने विचारलं, "एवढ्या टाळ्या कसल्या?"

"पाय आहेत," साचेबाई म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दोन्ही. आत्ताच बघितले. अजून एक वर्ष राहतोय."

दिराने पुठ्ठा खाली केला. "चांगलंच झालं की मग," तो शेवटी म्हणाला.

"हो. चांगलंच झालं."

त्या दुपारी ड्रायव्हरसाहेब मानपत्र कपाटावर ठेवून पलंगावर बसले. बराच वेळ ते बूट काढायचेच विसरले. "अजून एक वर्ष गं," ते हळूच म्हणाले. ते विचारत होते की सांगत होते, ते साचेबाईंना समजलं नाही. त्यांनी वाकून नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

पुढच्या आठवड्यात चारशे बारा नंबर पाय बसवून घ्यायला आला. उंच, हडकुळा, कान पुढे आलेले, वयाने ढब्बूपेक्षा लहानच. बरोबर त्याची आई. ती आल्यापासून बोलत होती. बसला किती गर्दी होती, मुलगा कसा हट्टाने उभा राहून आला, इस्पितळातलं जेवण कसं पाण्यासारखं. मुलाने उजव्या पायाचा बूट काढला तेव्हा साचेबाईंनी करंगळी बघितली. दुसऱ्यांच्या घरीही अशी करंगळी असू शकते, हे इतकं साधं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी पाय चढवला, पट्टा लावला आणि त्याला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. कमरेची उंची दोन्हीकडे सारखी आहे ना ते बघायला जमिनीवर गुडघे टेकले.

"टोचतंय का कुठे?"

"नाही मावशी." मुलाला आश्चर्य वाटलं होतं. "अजिबात नाही."

"बघा, म्हणजे हात किती चांगला तुमचा," त्याची आई म्हणाली. "बाकीच्या पोरांना म्हणे चार चार वेळा यावं लागतं. तुमचं कोणी आहे का हो तिकडे?"

"मुलगा आहे."

"अगंबाई. त्याचं काय गेलं?"

"काही नाही," साचेबाई म्हणाल्या. "धडधाकट आहे."

"मग येईल आता सुट्टीवर."

"नाही. अजून एक वर्ष आहे."

ती बाई आल्यापासून पहिल्यांदा गप्प झाली. तिने आपल्या मुलाकडे बघितलं, मग खाली गुडघ्यांवर बसलेल्या साचेबाईंकडे बघितलं. मग पुढे येऊन वाकली आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायला लागली.

"उठा ताई. या, इथे बसा."

"अहो, माझं काम चाललंय."

"होईल काम. बसा तुम्ही आधी."

साचेबाई बसल्या. नव्या पायावरचा मुलगा दांड्या सोडून दारापर्यंत गेला, वळला आणि आपल्या आईकडे परत आला. त्या बाईने साचेबाईंच्या खांद्यावरचा हात काढला नाही.